समोरची काच

शाळेतली पोरं तिला बसताई म्हणत, म्हणून हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. बस मोठी, बाई लहानखुरी, आणि आवाज असा की हॉर्न वाजवायची गरज पडू नये. सकाळी सहाला ती घर सोडायची आणि साठ पोरं शाळेच्या फाटकात ओतून साडेनऊला परत यायची. हे दोनदा तरी वाचा, कारण सहा ते साडेनऊ या साडेतीन तासांतच सगळा घोटाळा झाला.

घरात माणसं दोन, बसताई आणि तिचे वडील अप्पा. मासे मात्र दीडशेच्या घरात. स्वयंपाकघरामागे एक अडगळीची खोली होती, आठ फूट बाय सहा. तिथे लोखंडी घोडीवर चार मजल्यांत बारा टाक्या मांडल्या होत्या. हवेचा पंप दिवसरात्र घुरघुरायचा, जमिनीवर नळ्या, बादल्या, जाळ्या. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला श्वास दारात घ्यावा लागे. या बाराही टाक्या अप्पांनी स्वतः कापून, जोडून दिलेल्या. अप्पा म्हणजे पन्नास वर्षं काचकाम केलेला माणूस. दुकानांचे दर्शनी भाग, दवाखान्यांच्या खिडक्या, जिन्यांची तावदानं, त्यांच्या हातून काय म्हणून गेलं नव्हतं! काचेवर डाग दिसला की त्यांना जेवण जात नसे. लोकांच्या घरी गेले तरी आधी खिडकीकडे बघायचे आणि मग यजमानाकडे.

तीन वर्षांपूर्वी अप्पा लेकीकडे राहायला आले तेव्हा बसताईने एकच अट घातली होती. "अप्पा, घर तुमचं, खुर्ची तुमची, रेडिओ तुमचा. फक्त माशांच्या टाक्यांना हात लावायचा नाही. पाण्याचं गणित नाजूक असतं."

"मला काय करायचंय तुझ्या चिखलातल्या माशांशी," अप्पा म्हणाले होते. वर मानही अशी वळवली की वाटावं, या माणसाला माशांचा जन्मजात तिटकारा आहे.

चिखलातले मासे म्हणजे खालच्या मजल्यावरच्या मधल्या टाकीतले आठ कोरी. पूर्ण नाव कोरीडोरस, पण एवढं लांब नाव घ्यायला त्या माशांना तरी कुठे सवड! बोटाएवढी लांबी, अंगावर ठिपक्यांच्या रांगा, पंखांच्या कडेला नारिंगी झाक, तोंडाशी मिशा. दिवसभर वाळूत नाक खुपसून काहीतरी शोधत फिरणार, मध्येच सरळ वर जाऊन हवेचा घोट घेणार, परत खाली. आणि डोळे मिचकावणार! खरंच मिचकावतात. बसताई पहिल्यांदा त्या डोळा मारण्यावरच भाळली होती. आणली तेव्हा ती पिल्लं नखाएवढी होती. आता मोठी झाली होती, आणि त्यांतली सगळ्यांत जाडजूड मादी इतक्या ठसक्यात फिरायची की तिचं नाव आत्याबाई पडलं होतं.

बसताईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: या आठांची पिल्लं. गेलं दीड वर्ष ती देव पाण्यात घालून बसली होती. जिवंत अळ्या खाऊ घातल्या. एका मादीमागे दोनेक नर हा हिशेब जमवला. दर रविवारी अर्धं पाणी काढून गार पाणी भरलं, कारण पाणी गार झालं की कोरींना अंडी घालायची हुक्की येते म्हणतात. हिरव्या लोकरीचे झुबके करून टाकीत सोडले, अंडी चिकटवायला. कोरींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकी अकरा टाक्यांत पोराबाळांचा नुसता बाजार भरलेला आणि या एका टाकीत पाळणा हलेना.

मत्स्यप्रेमींच्या मंडळात तिची चेष्टा व्हायची. पण एका बाबतीत ती तिथे भाव खाऊन जायची. तिच्या टाक्यांच्या काचा आरशासारख्या असत. "शेवाळ म्हणून धरत नाही माझ्याकडे," ती सांगायची. "पाण्याचा समतोल साधला की काच आपोआप स्वच्छ राहते." लोक वहीत लिहून घ्यायचे.

शेवटी एका रविवारी तिने हार मानली. मंडळात एक दाढीवाला होता, त्याच्या तळघरात शंभर टाक्या. दगडालाही अंडी घालायला लावील अशी त्याची ख्याती. तिने त्याला फोन केला. "पुढच्या रविवारी दहाला या आणि माझे आठही कोरी घेऊन जा. माझ्याकडे त्यांचं आयुष्य फुकट चाललंय. आत्याबाईचं वय वाढतंय." फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. अप्पा वर्तमानपत्राआड होते. त्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आदल्या दिवशी शेवटचं म्हणून तिने गार पाणी बदललं होतं. सकाळी सहाला ती निघाली, आणि बसने दगा दिला. किल्ली फिरवली की खोकायची आणि गप्प. गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलं, "ताई, आज ही हलत नाही." दुसरा चालक पोरांना आणायला गेला आणि बसताई सातच्या सुमारास घरी परतली. अप्पा झोपले असतील म्हणून तिने चपला दाराबाहेर काढल्या आणि पावलं न वाजवता आत आली.

अप्पा अंथरुणात नव्हते. माशांच्या खोलीतून आवाज येत होता.

"सरक गं बाई. जरा सरक. काय हे! काल तर चकचकीत होती आणि आज पुन्हा घाण करून ठेवलीस? सोमवार उजाडला की तुझं सुरूच!"

बसताईने दारातून डोकावलं. अप्पा स्टुलावर बसले होते, बाही खांद्यापर्यंत वर, हात कोपरापर्यंत मधल्या टाकीत. हातात त्यांचं जुनं पातं होतं, लाकडी मुठीचं, काचेवरचा रंग खरवडायचं. समोरच्या काचेवर मोहरीएवढे पिवळसर मणी चिकटले होते. अप्पा पातं खालून वर सरकवत, मणी अलगद पात्यावर येत, आणि अप्पा ते गुडघ्यावरच्या फडक्याला पुसत. दीड वर्षाचा हिशेब तिच्या डोक्यात क्षणात लागला. कळसा काखेत नव्हता, तो दर सोमवारी फडक्याने पुसला जात होता.

"अप्पा, हात!"

साठ पोरांना जागच्या जागी बसवणारा आवाज तो. अप्पांचा हात पाण्यातच थिजला. चोरी पकडलेल्या मुलासारखं त्यांनी मान वळवून पाहिलं.

"मी फक्त काच पुसत होतो," ते म्हणाले. "तुझ्या पाण्याला काही केलं नाही. शपथ. तू गेलीस की बारा काचा पुसतो, तू यायच्या आत संपवतो. मला बघवत नाही गं, माझ्या हातच्या काचेवर हिरवं धरलेलं."

"अप्पा, ती घाण नाहीये. ती अंडी आहेत."

अप्पांनी पात्याकडे पाहिलं. फडक्याकडे पाहिलं. मग गेल्या कित्येक सोमवारांकडे पाहिलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

बसताईला राग आला होता, खोटं कशाला बोला. मंडळात मारलेल्या बढाया आठवून लाजही वाटली. ते पातं हिसकावून खिडकीबाहेर भिरकावावं असं वाटलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाई वर आली. पोटाखालचे दोन पंख तिने ओंजळीसारखे जुळवले होते आणि त्यात तीन अंडी होती. अप्पांचा हात अजून पाण्यातच होता. आत्याबाईने त्याची पर्वा केली नाही. हिरव्या लोकरीच्या झुबक्याला वळसा घालून ती सरळ समोरच्या काचेपाशी गेली, अप्पांनी आत्ताच पुसलेल्या पट्ट्यावर तोंडाने चाचपलं, आणि नेमकी तिथेच पोट टेकून अंडी चिकटवली. मग खाली गेली आणि जाता जाता डोळा मिचकावला.

"तिला स्वच्छ काच लागते," बसताई हळूच म्हणाली. "म्हणून लोकरीवर घालत नाही. अप्पा, तुम्ही तिला रोज जागा करून देत होतात."

"आणि मीच मोडत होतो," अप्पा म्हणाले.

मग काय, बसताईला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. रडतही होती आणि हसतही होती. अप्पांनी हात बाहेर काढला, तोही कसा, जणू पाण्यात झोपलेलं मूल आहे. तिने दुसरं स्टूल ओढलं. दोघं बाप-लेक गुडघ्याला गुडघा लावून टाकीसमोर बसली. नर तिच्यासमोर आडवा व्हायचा, आत्याबाई त्याच्या पोटाशी तोंड लावून क्षणभर स्तब्ध व्हायची, मग ओंजळ भरून वर. प्रत्येक खेपेला अप्पा "आली, आली" करत. नऊ वाजेपर्यंत चहासुद्धा कोणाला आठवला नाही.

पण अंडी तिथेच ठेवून चालणार नव्हतं. कोरींना स्वतःचीच अंडी गट्टम करायला काही वाटत नाही. ती काढून वेगळ्या डब्यात ठेवायला हवी होती. बसताईने बोटाने एक लोटायला पाहिलं, ते फुटलं. दुसरंही फुटलं. बस चालवणारे हात ते, स्टिअरिंगला बरे.

"सरक," अप्पा म्हणाले, आणि मग घाबरून, "म्हणजे, तू म्हणशील तर."

तिने पातं उचलून त्यांच्या हातात दिलं.

अप्पांनी पातं पाण्यात बुडवलं, काचेला जवळजवळ सपाट टेकवलं, आणि श्वास रोखला. दवाखान्याच्या तावदानावरचा रंग ओरखडा न उठवता काढणारा हात होता तो. एकेक मणी काचेवरून सुटून पात्यावर बसत होता, आणि तिथून डब्यात. एकही फुटलं नाही. एकेचाळीस निघाली. शेवटचं डब्यात पडलं तेव्हा बसताईचा जीव भांड्यात पडला. तिने डब्यात हवेची नळी सोडली आणि बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचे दोन थेंब घातले.

"लेकरांना प्लास्टिकच्या डब्यात ठेवणार?" अप्पांनी विचारलं. दुपारी त्यांनी पलंगाखालून जुन्या खिडकीच्या काचेचा एक तुकडा काढला आणि वीतभर लांबीची टाकी जोडायला घेतली. कडा तर अशा घासल्या की गालावरून फिरवाव्यात.

तो आठवडा अप्पा झोपले किती आणि उठले किती, कोणी मोजलं नाही. काही अंडी पांढरी पडली, ती त्यांनी चिमट्याने उचलून टाकली, आणि प्रत्येक वेळी "गेलं बिचारं" म्हणाले. बाकीची तपकिरी होत गेली. गुरुवारी त्यांत डोळे दिसायला लागले. अप्पांनी भिंग आणून चष्म्यावर दुसरा चष्मा केला. शुक्रवारी बसताई साडेनऊला आली तर अप्पा दारातच उभे होते, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"तेवीस!" ते ओरडले. "शेपट्या मोजल्या मी. तेवीस! आणि आत्तापासूनच मिशाही आहेत त्यांना!"

रविवारी दहाच्या ठोक्याला दाढीवाला बादली घेऊन आला. शब्द दिला होता बसताईने, आणि दिलेला शब्द मागे घेणं तिला कधी जमलं नव्हतं. ती त्याला आत घेऊन गेली आणि नव्या टाकीसमोर उभं केलं. तेवीस पिल्लं तळाशी नाक खुपसून फिरत होती, नखाएवढीही नव्हती, पण थाट आत्याबाईचाच.

दाढीवाल्याने बादली खाली ठेवली. "हे काय! दीड वर्षात नाही ते एका आठवड्यात? केलंत तरी काय?"

अप्पा दारात उभे होते. ते एकदम जमिनीकडे बघू लागले.

"माझ्याने काही झालं नाही," बसताई म्हणाली. "अंडी काढायला अप्पांचाच हात लागतो."

अप्पांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही.

"मग माझं इथे काय काम?" दाढीवाला हसला. "आठही तुमच्याकडेच राहू द्या. मोठी झाली की चार पिल्लं द्या मला, म्हणजे झालं." एवढं बोलून तो वाकला आणि मधल्या टाकीत आत्याबाईला बघायला त्याने नाक काचेला लावलं. दाढीवाल्याचं नाक ते, काचेवर भलामोठा ठसा उमटला. त्याने ओशाळून खिशातून रुमाल काढला.

"थांबा!" अप्पांनी त्याचं मनगट धरलं. पन्नास वर्षांत त्यांनी कोणाला काच पुसण्यापासून अडवलं नव्हतं. "डाग असला तर असू द्या. या घरात आधी विचारायचं, मग पुसायचं."