भागीरथाचं पहिलं पद

मी गणिताचा मास्तर, आणि माझा पारा चढायला वेळ लागत नाही. पण १९९१ च्या त्या दुपारी भागीरथावर ओरडलो, त्याची मला अजून लाज वाटते.

जैनथची भागीरथा माझी जुनी विद्यार्थिनी. सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. गावात अंगणवाडी निघणार होती आणि बाईची जागा दहावी पास असेल तिलाच मिळणार होती. ही गणितात दोनदा नापास झालेली. परीक्षा चार दिवसांवर आली होती.

मी पाटीवर लिहिलं : ५n − २. "n च्या जागी पदाचा नंबर टाक. पह्यली चार पदं काढ."

तिनं पहिली जागा कोरी सोडली आणि पुढं ८, १३, १८ लिहिलं.

"पह्यलं काऊन सोडलं? दोन टाकता येते, एक टाकता येत नाही?" मी खेकसलो.

ती खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, मी लहानपनापासून खळ्यात ज्वारी मोजून राह्यली. पह्यल्या पायलीले 'लाभ' म्हनतो आमी, मंग दोन, तीन. एक म्हनलं का रास सरते. एक आला का माहा हातच थांबते."

मी गारच पडलो. दोन वर्षं मी या पोरीला ढ म्हणत आलो होतो!

"मंग मनात लाभ म्हन, पन लिहिताना एकच टाक."

तिनं टाकला. पाच उणे दोन, तीन!

"आता पन्नासावं."

ती बोटांवर पाच-पाच मिळवत निघाली.

"अवं, मोजू नको! सरळ पन्नास टाक."

खडू भराभर चालला. "दोनशे अठ्ठेचाळीस! मधली सारी सोडून? गुरुजी, हजारावं बी निघते?"

"काढ की!"

"चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव!" ती टाळ्या पिटत उभीच राहिली. मलाही बसवेना. आम्ही लाखावं पद काढलं, तेव्हा कुठं तिला दारातल्या धाकट्याचं रडणं ऐकू आलं.

गणिताचा पेपर सुटला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. ती पळतच आली.

"पह्यलं पद इचारलं होतं!"

"मंग?"

"एक टाकला, गुरुजी! एक!" ती सगळ्यांदेखत ओरडली.

निकाल लागला. गणितात छत्तीस, पास व्हायला पस्तीस लागत. मी बसस्टँडवर अक्षरशः नाचलो.