पाण्याच्या आवाजाआड

मी न्हाणीघरातला नळ बोलतोय. एरवी माझं तोंड बंद करायलाच सगळे टपलेले असतात. आज जरा उघडं राहू द्या.

मी अस्सल पितळेचा. भट्टीत वितळलो, साच्यात घडलो, दुकानाच्या फळीवर बरीच धूळ खाल्ली आणि मग एका प्लंबरनं मला या भिंतीत पिळून बसवलं. माणसं आरशापुढे तोंड सजवतात, माझ्यापुढे धुतात. त्यामुळे या घरातली खरी तोंडं मलाच ठाऊक.

घरची सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. पोटुशी होती तेव्हा रोज सकाळी ओकून ओकून बेजार व्हायची. चूळ भरायची, ओला हात पोटावरून फिरवायची आणि म्हणायची, "छळ, छळ! बाहेर ये, मग बघते तुला!" वर स्वतःच हसायची. मला ती फार आवडायची.

मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. घरात सगळे तिला ठकी म्हणू लागले. ठकीची आई मात्र हसायचं विसरली. जेवण नको, झोप नाही, पोर जवळ घेतली तरी नजर भलतीकडेच. एकदा सगळ्यांसमोर तिचे डोळे भरून आले, तर सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीनं रडू नये गं, दूध आटतं." बाई वाईट नव्हत्या. त्यांना कुणीतरी सांगितलेलं त्यांनी पुढे सांगितलं, इतकंच.

तेव्हापासून ती आत यायची, कडी लावायची, मला पूर्ण सोडायची आणि टॉवेल तोंडात कोंबून रडायची. मी जीव खाऊन धो धो वाहायचो. बाहेर कुणाला काही कळायचं नाही.

नवरा बस चालवतो. दमून घरी यावं तर टाकी रिकामी! "नळ गळतोय वाटतं," म्हणून त्यानं प्लंबरला बोलावलं. प्लंबरनं मला खोलून, पिळून, सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"नळ ठणठणीत आहे, साहेब. कुणीतरी सोडून ठेवतंय."

"ठकीचे कपडे फार असतात," ती दाराआडून म्हणाली. तेवढ्यावर भागलं. नळाला काय झालं ते पाहायला कुणाला बोलवायचं हे त्या बिचाऱ्याला माहीत होतं. बायकोला काय झालंय, ते त्यानं विचारलंच नाही.

एका दुपारी तिनं मला सोडलं आणि माझ्यातून नुसती हवा खरखरली. टाकीत थेंब नव्हता. हुंदका तर गळ्याशी आलेला, तो कुठला थांबतोय! घरभर ऐकू गेला. सासूबाई धावत आल्या.

"अगं, काय झालं? दार उघड!"

तिनं उघडलं. "आई, ठकीला माझ्या हातात देऊ नका. मला माझीच भीती वाटते. मला डॉक्टरकडे न्या."

सांगितलं! एकदाचं सांगितलं! माझा जीव भांड्यात पडला.

"शू! शेजारी ऐकतील. वेडी ठरवतील तुला," सासूबाई कुजबुजल्या. "डॉक्टर कशाला? माझंही असंच झालं होतं. मी कुणाला कळू दिलं नाही." मग त्यांनी मोटर लावली. पाणी चढल्यावर मला पूर्ण सोडलं, सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं म्हणाल्या, "हं. आता रड."

तिला रडू आलं नाही.

त्यानंतर ती कधीच रडली नाही. टाकी भरलेली असते, नवरा खूश आहे. "सावरली हो आमची सून," असं सासूबाई फोनवर सांगतात. पण ती अजून आत येते. कडी लावते, पालथ्या बादलीवर बसते आणि मला हातही लावत नाही. बाहेर ठकी रडून रडून लाल होते, तरी ही उठत नाही.

आत्ताही बसली आहे. माझं काळीज तुटतंय, पण कुणी सोडल्याशिवाय मला आवाज नाही. तुम्हाला आहे ना? मग दार वाजवा. तिला डॉक्टरकडे न्यायचंय.