वीस मिनिटे पुढचे घड्याळ

मी एक जुने, किल्लीचे मनगटी घड्याळ आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगतो, मी माझ्या कामात चोख आहे. माझी मालकीण शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणतात.

दरवर्षी बाई आणि तिचे कॉलेजपासूनचे तीन दोस्त, एक नर्स, एक छापखानेवाला आणि एक सुतार, आठवडाभर समुद्रकाठाने पायी चालतात. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी. वेळ पाहायची ती माझ्यात. सुतार नेहमी उशिरा येतो, म्हणून पहिल्याच वर्षी बाकीच्यांनी मला वीस मिनिटे पुढे केले. स्वतः पाहताना ते मनातल्या मनात वीस वजा करत. सुताराला मात्र काही कळू दिले नाही. चाळीस वर्षे मी खोटे बोललो. पण अचूक खोटे, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही.

गेल्या वर्षी मी मधूनच थांबू लागलो. घड्याळजींनी माझी स्प्रिंग बदलली, तेल घातले आणि सवयीने वेळ बरोबर लावली. निघायच्या घाईत बाईने मला तसेच मनगटावर बांधले. काटे ताडून पाहिलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाडीचे मुख ओलांडायचे होते. ओहोटीला तिथे घोट्याएवढे पाणी असते. काठावरच्या एका होडीवाल्याने बजावले होते, साडेदहाच्या आत उतरा, मग भरती झपाट्याने चढते. सुताराचा गुडघा चार महिन्यांपूर्वीच बदललेला. त्याला पळता येत नव्हते.

सगळे खडकावर टेकले होते. सुताराने बाईचे मनगट ओढले. "साडेदहाला पाच कमी! उठा."

"बघा, कोण घाई करतंय," छापखानेवाला हसला.

"बस रे, भरपूर वेळ आहे," बाई म्हणाली आणि तिने नर्सला डोळा मारला.

"बसा तुम्ही. माझा गुडघा हळू चालतो, मी निघालो."

मी टिकटिकत राहिलो. पण टिकटिक ऐकून कोण वजाबाकी थांबवतो? थोड्या वेळाने नर्सने मान वळवली. सुतार खाडीच्या मध्यावर उभा होता आणि पाणी त्याच्या मांड्यांना लागले होते.

"अगं, भरती लागली!"

तिघे धावले. नर्सने एक दंड धरला, छापखानेवाल्याने दुसरा, बाईने मागून कंबर. पाणी कमरेवर आले, मीही बुडालो. पण पाय टेकत होते. चौघे पलीकडे पोचले.

धापा टाकत बाईने मला पाहिले, मग पाण्याकडे पाहिले. "हे बरोबर चाललंय!" ती पुटपुटली. मग सगळे कबूल करावेच लागले.

"चाळीस वर्षं हे पुढे होतं?" सुतार म्हणाला.

"तुझ्यासाठीच रे," नर्स म्हणाली.

"म्हणजे वीस मिनिटं उशिरा यायचो, तेव्हा मी वेळेवरच यायचो की! शिव्या फुकट खाल्ल्या?"

सगळे हसले. बाई हसली नाही. "आमच्या गमतीपायी आज तू वाहून गेला असतास," ती म्हणाली.

माझ्या पोटात खारे पाणी शिरले होते. सुतारानेच मला घड्याळजींकडे नेले. मित्रांनो, आम्हाला रोज किल्ली द्या, पाण्यापासून जपा. पण आमच्या तोंडी तुमच्या युक्त्या घालू नका, मायेपोटीसुद्धा नको. काटे बरोबर ठेवा आणि ते दाखवतील तेव्हा उठा. त्या सकाळी खरी वेळ चौघांच्याही समोर होती. ती मानली फक्त एकाने.