मागच्या चाकाचं टोपण

हरिहररावांनी आयुष्यभर लोकांचं काम नापास केलं आणि त्याचाच पगार घेतला.

भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ते क्वालिटीत होते. लाइनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा, नाक मुरडायचं आणि लाल रेघ ओढून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर लाल रंगाचा डबा कंपनीत राहिला, सवय तेवढी घरी आली. संत तुकाराम नगरातल्या आपल्या गॅलरीत बसून ते सोसायटीतल्या पोरांना, समोरच्यांच्या नव्या पडद्यांना, रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकना आणि बायकोच्या पोह्यांना सारख्याच निष्ठेने रिजेक्ट करत.

त्यांचा एक लाडका किस्सा होता. ज्योतीराम नावाच्या कामगाराने एकदा डावीकडचा ब्रॅकेट उजवीकडे बसवला, तेव्हा हरिहररावांनी सगळ्या लाइनसमोर त्याला विचारलं होतं, "काय रे, चष्मा डोळ्यांना लागलाय की अकलेला?" लाइन खो खो हसली आणि ज्योतीराम मान खाली घालून "चुकलं साहेब" म्हणाला. हा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला होता की तो सुरू झाला की त्यांची बायको प्रभावतीबाई कुकर लावायला उठून जायच्या. मुलगी सई लहान असताना दर वेळी हसायची. अलीकडे हसत नव्हती.

अशा या माणसाला आठवड्यातली एकच गोष्ट मनापासून पास होती, ती म्हणजे रविवारची सकाळ.

सई चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. कंपनीची बस अर्ध्या गावाला वळसा घालते म्हणून ती मोटरसायकलने जायची, नाशिक रोडने, मोशी ओलांडून. त्या रस्त्याला कंटेनर, खड्डे आणि भंगाराच्या टेम्पोतून सांडलेला लेथचा लोखंडी चुरा, तिन्हींची ददात नाही. म्हणून दर रविवारी नाश्ता झाला की हरिहरराव हवेचा गेज आणि पायपंप घेऊन पार्किंगमध्ये उतरायचे. सई चहाचा कप घेऊन पायरीवर बसायची. ते हवा तपासायचे आणि ती आठवड्याचं सगळं सांगायची. कुठला मॅनेजर दुसऱ्याच्या कामावर मिरवतो, कुणी लग्नाचं विचारलं, तिने काय उत्तर दिलं. हरिहरराव त्या मॅनेजरला आणि त्या मुलाला जागच्या जागी नापास करून टाकायचे. बापलेकीचं बोलणं आठवड्यात तेवढंच होतं. दोन टायरांची हवा बघायला तेवढा वेळ लागत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आणि मग घरात ते डबडं आलं.

"टायर प्रेशर मॉनिटर आहे, बाबा," सईने जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं. "व्हॉल्व्हची टोपणं काढायची आणि त्यांच्या जागी ही दोन सेन्सरची टोपणं लावायची. हँडलवर हा छोटा डिस्प्ले. हवा कमी झाली की लाल दिवा लागतो आणि वाजतं."

"बाजा आहे म्हणजे," हरिहरराव म्हणाले. "वरातीला बरा."

सईने मनावर घेतलं नाही. तिने चार ठिकाणी विचारून, सगळा विचार करून घेतलं होतं. टायरच्या आत बसणारे सेन्सर जास्त टिकतात, पण त्यांना टायर उतरवावा लागतो आणि पंक्चरवाल्याचा एक झटका बसला की गेले. मोबाइलवर आकडे दाखवणारे स्वस्त होते, पण या रस्त्यावर मोबाइल हँडलला लावून बघायचा म्हणजे डोळा रस्त्यावरून काढायचा. म्हणून टोपणांचे आणि वेगळ्या डिस्प्लेचे. हे सगळं ती सांगत होती आणि हरिहरराव वरणभात कालवत होते, जणू ती शेजारच्या घरातल्या कुणाशी बोलत होती.

"तीन पिढ्या लोक गाड्या चालवतायत," ते शेवटी म्हणाले. "अंगठ्याने टायर दाबला की कळतं. पण आता माणसाला भूक लागली तरी यंत्राने सांगावं लागतं."

"अंगठ्याने काही कळत नाही, बाबा. तुम्हीच गेज वापरता."

"गेज वेगळा," हरिहरराव म्हणाले. का वेगळा ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढे पंधरा दिवस त्यांनी त्या यंत्राची यथेच्छ टिंगल केली. सकाळी एक आकडा आणि दुपारी जास्त, मग विश्वास ठेवायचा कशावर, असं ते प्रभावतीबाईंना ऐकू जाईल अशा बेताने विचारत. टायर तापला की आतली हवा फुगते, म्हणून हवा सकाळी गार टायरलाच बघायची असते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही ते विचारत राहिले. बॅटरीवर चालणारी टोपणं म्हणजे पोरखेळ, बनवणारे चोर, घेणारे त्याहून येडे. त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबेना.

खरं कारण एवढंच होतं की सई आता रविवारी खाली यायची नाही. हवा रोज डिस्प्लेवर दिसत होती, मग रविवारी तपासायचं काय? ती उशिरापर्यंत झोपायची आणि उठली की मोबाइल घेऊन बसायची. हरिहररावांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं असं म्हणण्याची या माणसाला सवय नव्हती, त्यामुळे ते डबड्याला शिव्या देत राहिले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी ठरवलं की आज या यंत्राचं पितळ उघडं पाडायचं. सई झोपलेली असताना ते गेज घेऊन एकटेच खाली गेले. दोन्ही चाकांवरची टोपणं काढून पायजम्याच्या खिशात टाकली, आपल्या गेजने हवा बघितली, पंप मारला, पुन्हा बघितली. हवा जशी हवी तशी झाली. मग खिशातून टोपणं काढली. दोन्ही काळी, दोन्ही गोल, दोन्ही एका मापाची. वर काहीतरी बारीक खरडलेलं होतं. चष्मा वर टेबलावर होता. त्या भुक्कड टोपणांसाठी दोन मजले चढायचे, एवढी काही त्यांची लायकी नव्हती. हरिहररावांनी हाताला आलं ते एक पुढे लावलं, दुसरं मागे लावलं आणि ते वर आले.

"माझ्या गेजमध्ये आणि तुझ्या खेळण्यात फरक येतो," त्यांनी नाश्त्याला जाहीर केलं. खरं तर त्यांनी डिस्प्ले बघितलाच नव्हता.

सईने घास हातातच ठेवला. "टोपणं काढली होतीत तुम्ही? परत नीट बसवलीत ना?"

"जन्म गेला क्वालिटीत. दोन टोपणं लावता येत नाहीत का मला?"

सईने हातातला घास तोंडात घातला. ही चर्चा कुठे जाते ते तिला माहीत होतं.

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा डिस्प्लेवर दोन्ही दिवे हिरवे होते. मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पुलाजवळ पोचली तेव्हा पुढच्या चाकाचा दिवा लाल झाला आणि यंत्र वाजायला लागलं. तिने गाडी कडेला घेतली, पुढचा टायर दाबून बघितला. टणक होता. तिने घरी फोन लावला.

हरिहरराव गॅलरीत पेपर वाचत होते.

"बाबा, पुढची हवा कमी दाखवतंय. पण टायर टणक लागतोय. काय करू?"

हरिहररावांना आनंद झाला. मुलगी रस्त्याच्या कडेला उभी आहे, मागून कंटेनरांची घरघर फोनमध्ये ऐकू येतेय, आणि यांना आनंद झाला. नंतर तो आनंद आठवून त्यांना स्वतःची किळस आली, पण त्या वेळी त्यांनी पेपरची घडी घातली आणि ऐटीत सांगितलं, "मी काय म्हणत होतो? डबडं आहे ते. तो बाजा बंद कर आणि कामावर जा."

सईने बाजा बंद केला आणि ती कामावर निघाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा डाव्या कोपराला बँडेज होतं आणि जीन्स गुडघ्यावर फाटली होती. प्रभावतीबाई किंचाळल्याच. सई आधी पाणी प्यायली, मग तिने सांगितलं.

"कुरुळीच्या पुढे मागचं चाक डुलायला लागलं. मला कळेपर्यंत गाडी आडवी झाली. लेथचा चुरा घुसला होता मागच्या टायरमध्ये. हवा हळूहळू चालली होती, मला पत्ताच नाही." "मागून कंटेनर येत होता, आई. त्याने ब्रेक मारला. त्याचं चाक माझ्या हेल्मेटपासून हातभर लांब थांबलं."

प्रभावतीबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"तुमचंच बरोबर होतं, बाबा," सई म्हणाली. "चांगल्या चाकाची हवा कमी दाखवली आणि फुटलेल्याचं नाव नाही. पंक्चरवाल्याने मागचं टोपण काढून हातात दिलं. हे घ्या, ठेवा तुमच्या भंगारात. पुढचं उद्या काढून टाकते." तिने खिशातून टोपण काढून टेबलावर टाकलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "रविवारी मी खाली येते. तुम्हीच बघत जा हवा, पहिल्यासारखी."

टोपण टेबलावर गडगडत त्यांच्यापाशी येऊन थांबलं.

इतके दिवस हरिहररावांना जे हवं होतं ते सगळं मुलीने आपण होऊन दिलं होतं. त्यांनी टोपण उचललं. चष्मा नाकावरच होता. टोपणावर बारीक, पण स्वच्छ अक्षर होतं. इंग्रजी एफ. एफ म्हणजे फ्रंट. आणि हे निघालं होतं मागच्या चाकावरून.

ते टोपण घेऊन खाली गेले. पार्किंगमध्ये वाकून त्यांनी पुढच्या चाकाचं टोपण बघितलं. त्यावर आर होता. आर म्हणजे रिअर. यंत्र बिचारं सकाळपासून खरंच सांगत होतं. मागची हवा चालली आहे म्हणून ते जीव तोडून ओरडत होतं, फक्त मागच्या चाकाला पुढच्याचं नाव देऊन ठेवलं होतं हरिहररावांनी. आणि यंत्राला गप्प बसवलंही त्यांनीच.

ते पायरीवर बसले. एक वाक्य त्यांच्या डोक्यात तयार होतं. जो पार्ट दोन्हीकडे बसतो तो मुळात बनवावाच कशाला? वाक्य चांगलं होतं, कुठल्याही मीटिंगमध्ये टिकलं असतं. पण अक्षरं टोपणावर होती. बघायची होती फक्त. ज्योतीरामच्या ब्रॅकेटवर तर अक्षरसुद्धा नव्हतं, हे त्यांना आज पहिल्यांदा आठवलं.

गप्प बसणं सोपं होतं. कुणालाच कधी कळलं नसतं. रविवार परत मिळाला असता, चहाचा कप, पायरी, आठवड्याच्या गोष्टी, सगळंच. पण आठवड्याचे बाकीचे दिवस सई त्याच रस्त्याने, त्याच चुऱ्यावरून, कसलीही सूचना न मिळता गेली असती. आणि पुन्हा कधी कुठलं यंत्र ओरडलं असतं, तर तिने आधी ते बंद केलं असतं. बापाने तिला तेच शिकवलं होतं.

हरिहरराव वर आले. सई सोफ्यावर हात उशीवर टेकवून बसली होती.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले.

"काय?"

"यंत्र बरोबर आहे. मी रविवारी टोपणं उलटी लावली. पुढचं मागे, मागचं पुढे. चष्मा लावला नव्हता. जिना चढायचा कंटाळा केला." त्यांनी टोपण टेबलावर ठेवलं. "काढू नकोस ते. माझं ऐकू नकोस."

सई त्यांच्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती, रडली असती, तर त्यांना सोसलं असतं. पण तिने नाक किंचित मुरडलं, हुबेहूब त्यांच्यासारखं, आणि शांतपणे, त्यांच्याच आवाजात विचारलं, "काय हो बाबा, चष्मा डोळ्यांना लागलाय की अकलेला?"

या वाक्यानंतर लोक हसायचे. आज प्रभावतीबाईसुद्धा हसल्या नाहीत. कुकर लावायलाही उठल्या नाहीत.

हरिहररावांची मान खाली गेली. "चुकलं," ते म्हणाले.

सईने बँडेजचा हात सावरला आणि ती उठली. टेबलावरचं टोपण घेऊन तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"चला खाली," ती म्हणाली. "तुम्हीच बसवायचं. मी बघणार आहे."

हरिहररावांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांना लावला आणि ते मुलीच्या मागोमाग जिना उतरू लागले.