डागलेलं काळीज

मित्रांनो, मी एक जुनं काळीज आहे. कुडपणच्या हैबतीच्या छातीत मला बसवलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. या माणसाचं आणि माझं कधीच पटलं नाही.

त्यानं मला बैलासारखं राबवलं. डोंगराची चढण, नांगर, डोक्यावर भारे. मी हूं की चूं केलं नाही. शाबासकी मात्र त्याच्या पायांना मिळायची. माझं नाव कुणी काढलं नाही.

मग माझे वरचे दोन कप्पे बिघडले. नीट आकसायचं सोडून ते नुसते थरथरू लागले. त्यांच्या नादानं खालचे कप्पे वेडेवाकडे धावत सुटले. पुरतं भरायच्या आधीच आकसायचं, मग रक्त पुढे जाणार किती? असे महिने गेले आणि मी सैल पडलो. हैबतीचे पाय सुजले. अंगणातून गोठ्यात जातानाही त्याला धाप लागायची.

त्यानं काय करावं? बैलाचा खांदा सुजला की तो विळा तापवून डागायचा. तसाच तापलेला विळा त्यानं स्वतःच्या छातीवर टेकवला. मूर्ख कुठला. कातडी करपली, मी होतो तसाच राहिलो.

शेवटी त्याच्या बायकोनं, बायजानं, त्याला महाडला डॉक्टर सुमेधाबाईंकडे ओढत नेलं. गोळ्यांनी जमेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "मुंबईला जावं लागेल. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात आणि थरथर जिथून उठते तिथे डाग देतात. ठोका ताळ्यावर आला, तर हृदयाची ताकदही परत येऊ शकते. सगळ्यांचंच तसं होतं असं नाही."

हैबती उखडला. "डाग मेल्यावर सरणावर देत्यात. मी अजून जिता हाय."

"बैलाला डागता तवा त्याला इचारता काय?" बायजा म्हणाली. "गप चला."

मुंबईत मला आतून डागलं. त्या जागी व्रण धरले आणि थरथर त्यांच्याशीच अडली. तेवढा भाग जरा कडक राहिला, ते मी सोसतो. पण ठोका सुरळीत झाला, खालच्या कप्प्यांना भरायला सवड मिळाली. काही महिन्यांनी सुमेधाबाईंनी तपासलं. "रक्त चांगलं पुढे ढकलतंय आता. पण गोळ्या सोडू नका," असं त्यांनी बजावलं. हैबती पुन्हा डोंगर चढू लागला.

आणि गावात काय सांगत सुटला? "डागानंच बरा झालो. माझा नेम जरा चुकला व्हता, एवढंच."

आज त्याच्या धाकट्या भावाची, पांडूची, छाती तशीच धडधडतेय. हैबतीनं चुलीत विळा घातला. "पांडू, बनियन काढ."

बायजानं चुलीत पाण्याचा तांब्या उपडा केला. "भावजींना म्हाडला न्यायचं. तुमाला जमत नसंल तर मी नेते."

तो ऐकणारा नाही. ओल्या चुलीपुढे बसून फुंकणी फुंकतोय.

मित्रांनो, तुमच्या काळजाचा ठोका चुकू लागला तर डॉक्टर गाठा, विळा नको. मला हैबतीचा हात धरता येत नाही. उलट, चूल फुंकायला त्याला जो दम पुरतोय, तो मीच पुरवतोय.