टर्बोचा सुस्कारा

मुर्रीच्या तिलकने नागपुरातून जुनी टर्बोवाली पेट्रोल गाडी आणली, तेव्हा तिचा एक व्हॉल्व्ह फाटलेला होता. अ‍ॅक्सिलेटरवरून पाय उचलला की टर्बोने कोंडलेली हवा ह्याच व्हॉल्व्हमधून सुटते. गोंदियाच्या मुन्नालाल मिस्त्रीने दोन नवे व्हॉल्व्ह समोर ठेवले. एक ती हवा नळीने परत इंजिनाकडे नेणारा, मुका. दुसरा सरळ बाहेर सोडणारा. त्याचा 'फुस्स' रस्त्याभर ऐकू जातो.

"भाऊ, आवाजच नाही तर टर्बो कायले घेतली?" मुन्नालाल म्हणाला. "लोगों को पता तो चले."

लोकांचं तिलकला काही नव्हतं. तो धानाचा दलाल. लोकांना त्याच्याबद्दल हवं त्याहून जास्तच ठाऊक होतं. त्याला एकाच माणसाला ऐकवायचं होतं.

ती चमेली. कॉलेजात एका वर्गात होती. तिच्या लग्नात तिलकने पंगतीत बुंदी वाढली, तीही आग्रह करकरून. आता ती देवरीत शिक्षिका. नवरा वारल्यापासून सासूसोबत राहायची. घरासमोर रस्त्यावर ब्रेकर होता. दर शनिवारी तिलकचं देवरीत काम निघायचं. काय काम, ते तिथं पोचेपर्यंत त्यालाही ठरवता येत नसे. ब्रेकरवर गाडी हळू करणं कायद्यातच बसतं, आणि तिलक तेवढा एकच कायदा मनापासून पाळायचा. हॉर्न वाजवायची सोय नव्हती. एकट्या बाईच्या दारात हॉर्न वाजला की सोमवारपर्यंत तालुक्याला पुरतो. पण गाडीने आपणहून सुस्कारा टाकला, तर तो गाडीचा दोष.

"आवाजवाला बसव."

"बसवतो. पण इंजिनानं मोजून घेतलेली हवा बाहेर गेली का पेट्रोल जास्त पडते. पाय सोडला का कधी बंदच पडन."

"पडू दे."

शनिवारी ब्रेकर आला. तिलकने पाय उचलला. गाडीने सुस्कारा टाकला आणि चमेलीच्या फाटकासमोर बंद पडली.

"पंक्चर झालं काय, भाऊ?" चमेलीने फाटकातून मोठ्याने विचारलं. ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. 'भाऊ' त्यांच्यासाठी होतं. पाण्याचा गडू हातात देताना तिचा आवाज उतरला. "काऊन आवाज करून राहिला तू?"

"तुले समजावं म्हणून."

"काय?"

"मी इथून जातो ते."

चमेलीने रस्त्याकडे पाहिलं. "दिवसभर गाड्या ह्या ब्रेकरवर आदळतात. इतक्या हळू एकच उतरते. तू गाडी बदलली तरी तशीच. शनिवारचं धुणं समोरच्या अंगणात असते माझं. ते काय उन्हासाठी?"

तिलक पाणी प्यायचं विसरला.

"कोण होय वं?" ओसरीवरून आवाज आला.

"आमगावचे कोणी होत. पंक्चर झालं." मग ती हळूच म्हणाली, "पाहा. आजपर्यंत खोटं बोलायचं काम नव्हतं पडलं."

सोमवारी तिलक पुन्हा मुन्नालालकडे गेला.

"कोणी ऐकलं नाही काय?"

"ऐकलं."

"मंग?"

"मुका बसव."

पुढच्या शनिवारी तिलकने ब्रेकरवर पाय उचलला. कोंडलेली हवा नळीतून आतल्या आत फिरली; रस्त्याला काही कळलं नाही. समोरच्या अंगणात चमेली पाठमोरी उभी होती. तिने दोरीवरची वाळलेली साडी उतरवली, झटकली आणि पुन्हा तिथंच वाळत टाकली.

मागच्या ट्रकने हॉर्न दिला.