यांचा पेपर

आमच्या घरी दोन पेपर यायचे. माझा सरकारची बाजू घेणारा, यांचा सरकारला झोडपणारा. सांडोर गावातली आमची केळीची वाडी सोडली तर यांना एकच नाद होता, माझ्याशी वाद घालायचा. त्याला नियम मात्र होता. सकाळच्या चहाला मी यांचा पेपर वाचायचा, यांनी माझा, आणि न पटणारी बाजूच आधी नीट सांगायची. माझ्या सुरात जरा जरी चेष्टा आली की हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत.

गेल्या वर्षी हे गेले आणि मी तो पेपर बंद केला. समोर कोणी नसताना भांडू कुणाशी?

मग उत्तर कोरियाने पुन्हा क्षेपणास्त्र डागलं. आमची लेक रेवा दक्षिण कोरियात, सोलला नोकरी करते. तिचा करार संपत आला होता. तो वाढवायचा की घरी परतायचं, ते तिला याच आठवड्यात कळवायचं होतं. ‘आई, तू काय म्हणतेस?’ असं तिने विचारून ठेवलं होतं. माझ्या पेपरात पहिल्याच पानावर नकाशा होता. अणुबॉम्ब कुठवर पोचेल त्याची लाल वर्तुळं, आणि सोल पहिल्याच वर्तुळात. मी घाबरले. पण खरं सांगते, मागोमाग बरंही वाटलं. लेकीला घरी बोलवायला कारण मिळालं होतं.

नकाशाचा फोटो काढला. पाठवणार तेवढ्यात समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष गेलं. हे असते तर म्हणाले असते, आधी दुसरी बाजू सांग. चरफडतच उठले. शेजारच्या वाडीतल्या फ्रेडरिककडे यांचाच पेपर येतो. त्याला एक केळफूल दिलं आणि पेपर मागून आणला.

धमक्या उत्तर-दक्षिण दोन्हीकडून दिल्या जातात, लष्करी कवायती थांबवा आणि बोलणी करा, असं त्यात होतं. मला ते भाबडं वाटलं. चेष्टा बाजूला ठेवून पुन्हा वाचलं, मग माझाही पेपर नीट वाचला. एकाला उत्तर कोरियाचा हुकूमशहा माथेफिरू वाटत होता, दुसऱ्याला घाबरलेला. पण अशा चाचण्या पूर्वीही झाल्यात, लगेच युद्धाची चिन्हं नाहीत आणि सोलमधली माणसं रोजच्यासारखी कामावर गेली, हे दोघांनीही लिहिलं होतं. माझ्या पेपराने आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात.

नकाशाचा फोटो मी पुसून टाकला.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. मी दोन्ही बाजू सांगितल्या, यांची आधी. ती म्हणाली, “बाबाच बोलतायत असं वाटलं गं.”

“बॉम्बच्या भीतीने यायची गरज नाही,” मी म्हटलं. “पण मला तुझी फार आठवण येते, रेवा. एकटीला चहा घशाखाली उतरत नाही. ही माझी बाजू. आता तू ठरव.”

“थांब,” ती म्हणाली, “आधी तुझी बाजू मी नीट सांगते.”

न पटणारी बाजूच आधी सांगायची असते. रेवा सोललाच राहणार, हे मला तेव्हाच कळलं.

“आई एकटी आहे,” तिने सुरुवात केली, “तिला एकटीला चहा...” आणि तिला हुंदका आवरेना.

मी तिला पुन्हा सांगायला लावलं नाही.